खापरपणजाला क्लच सांगताना

मास्तरांच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं असायची. वेळ विचारली की ते आधी डावं बघत, मग उजवं, आणि दोन्ही वेळा सांगून मोकळे होत. "ह्यात आठ वाजून धा मिन्टं, ह्यात आठ वाजून बारा. तुम्हाला पटंल ते धरा." मी एकदा म्हटलं, "मोबाइल बघा की मास्तर, तो बरोबर दाखवतो." त्यावर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांना गटारीतलं पाणी प्यायला सांगितलं होतं. "बरोबर दाखवतोय हे कुणी सांगितलं? मोबाइलनंच न्हवं?"

चहा आला की आधी हुंगायचे. दुसऱ्याच्या घरी खुर्चीवर बसण्याआधी ती हातानं दाबून बघायचे. पण हे सगळं किरकोळ. त्यांच्या संशयाला खरं मोकळं रान मिळायचं ते रस्त्यावर.

कोल्हापुरात रंकाळा तळ्याच्या मागच्या अंगाला, पिठाच्या गिरणीला लागून एक खोली आणि खोलीपुढं एक पांढरी गाडी, एवढाच त्यांचा ड्रायव्हिंग क्लास. इतर क्लासवाल्यांना लोक 'सर' म्हणतात. ह्यांना ते चालत नसे. "सर म्हंजे सरक. कुठं सरकू?" म्हणून सगळे मास्तर म्हणत.

मी त्यांच्याकडं गेले ती हौसेनं नाही. माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं वाढत चाललं होतं. डॉक्टरांनी त्याला गाडी चालवायला बंदी केली आणि आमची गाडी दारात धूळ खात उभी राहिली. मी एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. चाळिशी उलटली होती आणि स्कूटीच्या पलीकडं काही चालवलेलं नव्हतं. मास्तरांचा क्लास घरापासून चालत दहा मिनिटांवर होता, आणि ते एका वेळी एकालाच शिकवतात, गाडीत दुसरं कुणी नसतं, असं कळलं होतं.

दुसरं कुणी नसतं, ही माहिती अर्धवट होती.

पहिल्या दिवशी मास्तरांनी मला गाडीभोवती एक फेरी मारायला लावली. मला वाटलं, नमस्कार वगैरे करायचा असेल, म्हणून मी हात जोडले. "देव न्हाय ती. खाली वाका. टायर बगा, तेल गळलंय का बगा. रातभर एकटी हुती. काय झालं असंल आपल्याला काय म्हाईत?" मी वाकून बघितलं. गाडीखाली एक मांजर झोपलेलं होतं. "दिसलं न्हवं?" मास्तर समाधानानं म्हणाले, आणि बूट आपटून मांजर हाकललं.

मग मी दार उघडून पर्स मागच्या सीटवर टाकायला गेले.

"तिथं नको!" मास्तर ओरडले. "तिथं माणूस हाय."

मागच्या सीटवर एक काळं घोंगडं घडी घालून ठेवलेलं होतं. बाकी कुणी नव्हतं.

"कोण आहे?"

"माझा खापरपणजा."

मी हसले. मास्तर हसले नाहीत, म्हणून मीही थांबले.

"राधानगरीकडनं बैलगाडीनं कोल्हापुरात भात आणायचा," ते म्हणाले. "मोटार कवा बघितली न्हाय. बघायच्या आदीच मेला. तुम्ही गाडीत जे जे करशीला, ते त्याला सांगायचं. त्याला पटलं तर फुडं जायचं."

मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर दाराची कडी हळूच ओढून बघितली. दार उघडत होतं. एवढ्यावर मी त्या दिवशी बसून राहिले.

"हां, आता काय दाबलासा?"

"क्लच."

मास्तरांनी मान मागं वळवली आणि ऐकून घेतल्यासारखं केलं. "इचारतोय, ते काय असतंय?"

"गिअर बदलायला दाबायचा असतो."

"गिअर काय असतंय?"

"वेग कमी-जास्त करायला..."

"बैलाला दोन आवाज दिलं की वेग वाढतोय, म्हणतोय. त्याला पायानं काय दाबायला लागत न्हाय."

पहिला तास गाडी जागची हलली नाही. दुसराही नाही. घरी नवऱ्यानं विचारलं, "काय काय शिकलीस?" मी म्हटलं, "क्लच." तो म्हणाला, "सांग बघू काय असतो." मला सांगता आलं नाही. मग मी त्याला मागच्या सीटवरच्या माणसाबद्दल सांगितलं. "ह्या माणसाची चौकशी करायला पाहिजे," तो म्हणाला.

चौकशी मीही केली. गिरणीवाला म्हणाला, बायको गेल्यापासून मास्तरांचं हे सुरू झालंय. लॅबमधली एक जण म्हणाली, त्यांच्याकडं शिकलेल्या एकाचा मोठा अपघात झाला होता, त्याचा धक्का बसला. आमच्या गल्लीतल्या एका काकांचं म्हणणं, हे सगळं नाटक आहे, लोकांनी बोलावं म्हणून केलेलं. तिघांनीही अगदी खात्रीनं सांगितलं, त्यामुळं माझा एकावरही विश्वास बसला नाही.

तरी मी जात राहिले. त्याचं कारण तिसऱ्या दिवशी घडलं. सकाळी भाकरी थापताना माझ्या डोक्यात काहीतरी जुळलं. गाडीत बसल्यावर मी आरशात मागच्या घोंगड्याकडं बघितलं आणि म्हटलं, "आजोबा, ह्या गाडीचे बैल एकदा सुरू केले की उभे राहत नाहीत. जागच्या जागी पळत असतात. म्हणून आपल्याला थांबायचं असलं की जू उचलायचं. मी पाय दाबला की जू वर. बैल पळतायत, पण गाडी उभी. पाय हळूहळू सोडला की जू परत मानेवर टेकतं. एकदम सोडलं तर हिसका बसतो."

मास्तर मागं वळले, खूप वेळ वळलेले राहिले.

"पटलं म्हणतोय. पण बैल हायत कुठं?"

"ह्या पुढच्या झाकणाखाली."

"काय खात्यात?"

"तेल पितात."

"तेल पिणाऱ्या बैलाचा भरोसा धरू नका म्हणतोय," मास्तर म्हणाले. "आता जू टेकवा. हळू."

मी पाय सोडत गेले आणि गाडी जरासुद्धा हिसका न देता पुढं सरकली. गिरणीच्या दारातली बाई बाजूला झाली. मला हसू येत होतं.

मास्तरांची शिकवण तशी एकाच गोष्टीची होती. रस्त्यावर कुणाचं काही खरं धरायचं नाही. पुढच्यानं उजवा इंडिकेटर दिला तर ते म्हणायचे, "ते त्याचं म्हणणं झालं. खरं काय ते चाक सांगतंय. चाकाकडं बगा." आणि खरंच, उजवीकडचा दिवा लावून सरळ जाणारी, दिवा न लावता वळणारी कितीतरी माणसं मला त्या महिन्यात दिसली. कडेला उभी असलेली प्रत्येक मोटार म्हणजे त्यांच्या लेखी एक उघडणारं दार होतं. उसाच्या ट्रॉलीमागं जायचं तर दोन गाड्यांइतकं अंतर सोडून. "लाल फडकं बांधलंय म्हंजे ट्रॉली तिथं संपली असं न्हाय. ऊस कुठवर आलाय ते बगा." आणि सगळ्यात जास्त संशय शिकणाऱ्यावर. आपण 'समजलं' म्हटलं की ते लगेच गाडी कडेला घ्यायला लावत. "समजलं म्हटलं की मला भ्या वाटतंय. त्याला सांगा."

गंगावेशीजवळ सिग्नलला उभी असतानाची गोष्ट. लाल दिवा होता. मास्तर म्हणाले, "इचारतोय, का थांबलासा?"

"लाल दिवा लागला की थांबायचं असतं, आजोबा."

"न्हाय थांबलं तर कोण मारतंय?"

"तसं मारत कुणी नाही."

"मग?"

"सगळे थांबतात. एका बाजूचे थांबले म्हणजे दुसऱ्या बाजूचे जाऊ शकतात."

"सगळे थांबत्यात?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि आमच्या डावीकडून एक मोटारसायकल, तिच्यावर तीन माणसं आणि मधल्याच्या मांडीवर दुधाची किटली, लाल दिव्यातून निघून गेली. मास्तरांनी मागं वळून नुसती मान हलवली, दोघांनी मिळून काहीतरी ताडल्यासारखी. हिरवा लागला तरी मी तीन सेकंद थांबले. मागचे हॉर्न वाजवत होते. "वाजवू देत," मास्तर म्हणाले. "हिरवा दिवा तुमच्यासाठी लागलाय. त्या पलीकडच्यानं बघितलाय का, ते म्हाईत न्हाय."

एकदा तास संपल्यावर खोलीसमोर चहा पिताना मी त्यांना सरळ विचारलं, की मास्तर, हे खापरपणजाचं काय आहे?

त्यांनी चहा हुंगून संपवला. मग म्हणाले, "माणूस मला बगून हो म्हणतोय. कळलं न्हाय तरी हो म्हणतोय. चाळीस-पन्नास वर्साचा बाप्या, त्याला लाज वाटती इचारायला, की ब्रेक दाबल्यावर आत काय हुतंय. मी इचारलं तर त्याचा अपमान हुतोय. मेलेल्या माणसानं इचारलं तर कुणाचा अपमान हुतोय?"

"पण ते खरंच होते का?"

"हुते म्हंजे? माझा आजा त्यांच्या गाडीत बसलाय." आणि मग त्यांनी सांगितलं, की वाटेतल्या ओढ्यावर नवा दगडी पूल झाला तेव्हा खापरपणजानं त्यावरून गाडी न्यायला नकार दिला. कुणी बांधलाय, काय घातलंय, आपल्याला काय ठाऊक, असं म्हणून त्यानं गाडी पावसाळ्यात ओढ्यातून घातली. एक बैल वाहून गेला. दुसरा पुढं जन्मभर पाणी प्यायलाही मागं सरायचा.

"म्हणजे त्यांचा संशय चुकीचा होता," मी म्हटलं.

"संशय बरोबर हुता," मास्तर म्हणाले. "फकस्त ओढ्यावरबी घ्यायला पायजे हुता."

त्यानंतर पंधराएक दिवसांनी आम्ही पन्हाळ्याच्या रस्त्यावर गेलो. चढ-उतार शिकवायला ते सगळ्यांनाच तिकडं नेत. परतीला, वाघबिळाच्या खाली उतारावर मी दुसऱ्या गिअरमध्ये व्यवस्थित येत होते. मास्तर एकाएकी म्हणाले, "कडेला घ्या."

मी घेतली.

"इचारतोय, काय बदललं?"

"काही नाही."

"काहीतरी बदललंय."

ते उतरले. बॉनेटला कान लावला. चारी चाकं हुंगली. रस्त्यावर उताणे झोपून गाडीखाली शिरले. एप्रिलचं ऊन होतं, बाजूनं ट्रक हॉर्न वाजवत जात होते आणि मला फक्त त्यांचे बूट दिसत होते. अर्धा तास गेला. मी म्हटलं, "मास्तर, मला लॅबला जायचंय." ते बाहेर आले. शर्टाची पाठ डांबरानं काळी झाली होती.

"गाडी हलवायची न्हाय."

"पण झालंय काय?"

"म्हाईत न्हाय. म्हणूनच हलवायची न्हाय."

"तुम्ही चालवा मग."

"मीबी चालवणार न्हाय." मग मागच्या खिडकीतून आत बघत म्हणाले, "तो नगं म्हणतोय."

मला राग आला होता. खरं सांगायचं तर भीतीही वाटली होती. आजूबाजूला वस्ती नाही, मी एकटी बाई, आणि एका घोंगड्याचं ऐकून न हलणारा माणूस. त्यांनीच सीटा भरून नेणारी एक वडाप जीप थांबवली, मला नीट बसवून दिलं आणि जीपवाल्याला बजावलं, "बाई हायत, हळू जा." मागं वळून बघितलं तर ते गाडीच्या सावलीत उकिडवे बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "काय निघालं?" मेकॅनिकनं सगळी गाडी उघडून बघितली होती. "काय न्हाय निघालं," मास्तर म्हणाले, अगदी सहज. चुकल्याची खंत नाही, सारवासारव नाही.

माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर हे हसण्यावारी गेलं असतं. पण मी घरी सगळं सांगितलं होतं, आणि नवऱ्यानं ते पाच-सहा जणांना सांगितलं. पुढच्याच आठवड्यात तसाच प्रसंग एका कॉलेजच्या मुलीवर आला. तिला मास्तरांनी रत्नागिरी रस्त्यावर उतरवून वडापमध्ये बसवलं. ती रडत घरी गेली. तिचे वडील तालेवार माणूस होते. त्यांनी मास्तरांच्या खोलीसमोर येऊन गोंधळ घातला, आणि दोन दिवसांनी संध्याकाळी एक टाइप केलेला कागद घेऊन आमच्या घरी आले.

"वहिनी, तुमच्यासोबत पण घडलंय म्हणून कळलं," ते म्हणाले. "सही पाहिजे. उद्या कुणाच्या पोरीबाळीचं काही झालं तर?"

नवऱ्याला आता अक्षरं दिसत नव्हती, म्हणून तो कागद मी मोठ्यानं वाचला. त्यात लिहिलं होतं, की हा इसम जादूटोणा करतो. मनोरुग्ण आहे. महिला विद्यार्थ्यांना निर्जन ठिकाणी नेऊन घाबरवतो. गाडीत कोणी नसताना कोणाशी तरी बोलतो. ह्याचा परवाना रद्द करावा. पण शेवटून दुसरी ओळ खरी होती. आणि वाघबिळाच्या उतारावर मला भीती वाटली होती, हेही खरं होतं.

"कर सही," नवरा म्हणाला. "तुला तिथं काही झालं असतं तर मला रस्तासुद्धा दिसला नसता तिथवर यायला."

मी सही केली. लॅबमध्ये शंका आली की आम्ही नमुना पुन्हा तपासतो. त्या संध्याकाळी मी काही तपासलं नाही.

चौकशीला मुलीचे वडील होतेच, शिवाय मास्तरांकडं शिकणाऱ्या आम्हा चौघांना साक्षीला बोलावलं होतं, सही केलेले आणि न केलेलेही. परवाने देणाऱ्या ऑफिसातली एक खोली, टेबलामागं एक तरुण साहेब. मास्तर धुतलेला शर्ट घालून, हात मांडीवर ठेवून बसले होते. खुर्ची त्यांनी दाबून बघितली नव्हती, ते माझ्या लक्षात आलं. साहेब सभ्य होता. त्यानं कागद वाचला आणि विचारलं, "काका, मागच्या सीटवर कोण असतं?"

मास्तरांनी वर बघितलं. साहेबाकडं, मग आम्हा चौघांकडं, एकेकाकडं. माझ्याकडं बघितलं तेव्हा मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहत होते.

"कुणी न्हाय," ते म्हणाले.

"मग तुम्ही बोलता कुणाशी?"

"सवय हाय, साहेब. सोडतो."

मी बोलायला हवं होतं. ह्या माणसानं मला क्लच शिकवला तो असाच, एवढं एक वाक्य तरी. मी बोलले नाही. साहेबानं समज दिली, लिहून घेतलं आणि प्रकरण मिटवलं. परवाना राहिला. मुलीचे वडील बाहेर येऊन म्हणाले, "सुटला."

माझे आठ दिवस राहिले होते. जावं की नाही, ह्यात मी दोन दिवस घालवले आणि शेवटी गेले. मागच्या सीटवर घोंगडं नव्हतं. मी पर्स तिथं ठेवली, मास्तर काही बोलले नाहीत. "क्लच. पयला. सोडा. दुसरा." एवढंच बोलत होते. मी काही चुकले की सांगायचे, बरोबर केलं की गप्प. सिग्नलला कुणी काही विचारलं नाही. एका वळणावर त्यांनी काहीतरी समजावलं, मी म्हटलं, "समजलं," आणि ते गाडी कडेला घ्यायला न सांगता पुढचं सांगू लागले. ते आठ दिवस मी अगदी नियमानं शिकले आणि एकही दिवस लक्षात नाही. परीक्षा पास झाले. पेढे घेऊन गेले तेव्हा मास्तरांनी पेढा हुंगून तोंडात टाकला आणि म्हणाले, "बरं झालं."

सहीचं मी त्यांना सांगितलं नाही. सांगायचं ठरवून दोनदा त्या गल्लीत गेले. पहिल्यांदा ते शिकवायला गेले होते. दुसऱ्यांदा खोलीला कुलूप होतं आणि गिरणीवाला म्हणाला, क्लास बंद केला, गाडी विकली, लेक कुरुंदवाडला घेऊन गेली.

मध्ये पाच-सहा वर्षं गेली. नवऱ्याला आता सावल्यांपलीकडं फारसं दिसत नाही. त्याला डॉक्टरकडं, बहिणीकडं गडहिंग्लजला, सगळीकडं मीच नेते. मागच्या वर्षी जुनी गाडी काढून आम्ही विजेवरची घेतली. एका शनिवारी मी एकटीच ती घेऊन कुरुंदवाडला गेले.

लेकीनं दार उघडलं. मास्तर पडवीत काठी घेऊन बसले होते, वाळून गेलेले. मला ओळखलं. माझ्याआधी गाडीकडं बघितलं आणि उठले. बॉनेटवर तळवा ठेवला.

"चालू करा."

"चालूच आहे."

"खोटं."

"खरंच चालू आहे, मास्तर. हिला आवाज नसतो. क्लच नाही, गिअर नाही. पाय दाबला की पळते."

त्यांचा तळवा तिथंच होता, थरथर शोधत. मी हिंमत करून विचारलं, "खापरपणजांना सांगू का ही गाडी?"

"गेला तो."

"कधी?"

"त्या हापिसात. साहेबानं इचारलं, मी न्हाय म्हणालो, तवाच. दुसऱ्या दिवशी गाडीत घोंगडं टाकलं, मागं बघितलं, पर कुणी न्हवतं. मग घोंगडं ठेवून काय करायचं?"

ते हे तक्रार केल्यासारखं म्हणाले नाहीत. मी पडवीच्या पायरीवर बसले आणि सांगून टाकलं. "मास्तर, त्या कागदावर माझी सही होती."

"म्हाईत हाय. साहेबाच्या टेबलावर कागद हुता. तुमची सही फॉर्मावर बघितली हुती की मी."

"मग मला पुढचे आठ दिवस शिकवलंत कसं?"

"तुम्ही शिकायला आला हुतासा."

"राग नाही आला?"

"आला की," मास्तर म्हणाले. "लई आला. अजूनबी हाय थोडा." मग काठी टेकत गाडीच्या दाराशी जाऊन उभे राहिले. "उघडा. बघू काय गाडी हाय."

मी त्यांना शेजारी बसवलं आणि आम्ही नदीच्या संगमाकडच्या रस्त्यानं निघालो. मी त्यांना गाडी सांगत होते. घरी रात्रभर वीज भरून ठेवायची, ती दिवसभर पुरते. पाय उचलला की ती आपोआप हळू होते, आणि हळू होताना थोडी वीज परत आत साठते.

"म्हंजे उतारावर बैलाच्या पोटात वैरण परत जाती?"

"तसंच."

"कशी जाती?"

"मला नीट माहीत नाही."

"मग म्हाईत करून घ्या. तवर तिच्यावर भरोसा टाकू नका."

मग ते रस्त्याकडं बघू लागले. शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायापाशी वेगळा ब्रेक असायचा. इथं नव्हता, पण प्रत्येक वळणावर, प्रत्येक गतिरोधकावर त्यांचा उजवा पाय खालच्या चटईवर दाबला जात होता. ऊस घेऊन चाललेले ट्रॅक्टर, शाळेपुढची सायकलवाली पोरं, रस्त्यात बसलेली म्हैस, सगळीकडं माझा पाय आणि त्यांचा पाय. अर्धा-पाऊण तास आम्ही असे फिरलो आणि मी त्यांना दारात आणून सोडलं.

उतरल्यावर ते खिडकीशी वाकले. "पाच ठिकाणी खरा ब्रेक लागला. चार ठिकाणी येळंवर दाबलासा. एका ठिकाणी उशीर केलासा."

"कुठं?"

ते आत गेले. लेकीनं हात हलवला आणि दार लावून घेतलं.

कोल्हापूरपर्यंत मी तेच शोधत आले. ट्रॅक्टर? म्हैस? दुसऱ्या दिवशी न राहवून लेकीच्या फोनवर फोन केला. "शाळेपाशी का, मास्तर?"

"न्हाय."

"ट्रॅक्टर वळला तिथं?"

"न्हाय."

"मग कुठं ते सांगा तरी."

"गाडी तुम्ही चालवत हुतासा," ते म्हणाले आणि फोन लेकीकडं दिला.

आता मास्तर नाहीत. ह्या दिवाळीआधी गेले. कधी कधी मला संशय येतो, की त्या दिवशी उशीर कुठंच झाला नव्हता. नवऱ्याला तर तशी खात्रीच आहे. तो शेजारच्या सीटवर बसून म्हणतो, "म्हाताऱ्यानं सूड घेतला तुझ्यावर." असेलही. पण तसं धरून चालायचं माझ्यानं होत नाही. परवा त्याच रस्त्यानं जाताना, समोर काही नसताना, मी दोनदा पाय उचलला.